जुन्या बाजारातला गठ्ठा: २३ अंक, एक रायफल बुक आणि आमच्या मामाचे कॉनर साहेब

हा रिव्ह्यू नक्की कशाचा ते माझं मलाच ठरवता येईना. जुन्या बाजारातल्या पथारीचा, तिथून आणलेल्या गठ्ठ्याचा, की त्या गठ्ठ्यात ज्याचं लिखाण आहे त्या माणसाचा, म्हणजे जॅक ओ'कॉनरचा. तिन्हीचं थोडं थोडं लिहितो, ज्याला जे पाहिजे ते त्यानं घ्यावं.

तर झालं असं की मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी पुण्यात शाहीर अमर शेख चौकाजवळ जुन्या बाजारात गेलो होतो, बायकोला पितळेचा खलबत्ता हवा होता म्हणून. खलबत्ता मिळाला नाही. पण एका पथारीवर जुनी कुलपं, मेलेली घड्याळं, दुर्बिणीची सुटी भिंगं असा सगळा पसारा आणि कडेला सुतळीनं करकचून बांधलेला मासिकांचा गठ्ठा. मी वाकून वरच्या अंकावरचं नाव वाचलं, आउटडोअर लाइफ, शिकार-मासेमारीवरचं अमेरिकन मासिक. बास. खलबत्ता डोक्यातून गेला तो गेलाच.

चाचांनी पंधराशे सांगितले. मी म्हटलं, "चाचा, इसको तो कसर लगी है." चाचा म्हणाले, "साब, कसर को भी अच्छा माल समझता है." या उत्तरावरच खरं तर पैसे द्यायला पाहिजे होते. शेवटी गठ्ठा नऊशेला आणि त्याच्याखाली दबलेलं एक कव्हर उडालेलं जाडजूड पुस्तक अडीचशेला. पुस्तक निघालं द रायफल बुक, १९४९ साली पहिल्यांदा आलेलं, जॅक ओ'कॉनरचं. अंक २३, बहुतेक १९५० आणि ६० च्या दशकातले, दोनांची पाठ सुटलेली, एकाला ओल लागून पानं पापडासारखी झालेली, आणि वास असा की पहिले चार दिवस गठ्ठा बाल्कनीत ठेवावा लागला. बायकोनं अजून तो घरात आल्याचं मान्य केलेलं नाही.

आता हा जॅक ओ'कॉनर कोण. बंदुकांवर लिहिणारा अमेरिकन माणूस, १९०२ चा जन्म, ॲरिझोनातला. मुळात मास्तर, तिथल्या विद्यापीठात इंग्रजी आणि पत्रकारिता शिकवायचा, कादंबऱ्या पण लिहिल्या. नंतर आउटडोअर लाइफमध्ये बंदुकांचं सदर हातात आलं आणि १९४१ पासून १९७२ पर्यंत म्हणजे ३१ वर्षं ते त्यानं चालवलं. महिन्याला एक म्हटलं तरी किती होतात बघा. रानमेंढ्यांच्या शिकारीत त्याचं मोठं नाव, उत्तर अमेरिकेतल्या चारही जातींचे रानमेंढे त्यानं मारले होते. वाघासाठी भारतातही येऊन गेला.

माझी आणि त्याची ओळख मामामुळे. मामा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत मशिनवर होता, १८६९ पासूनची ती फॅक्टरी, आणि तिथं काम करतो याचा त्याला एवढा अभिमान की लग्नात ओळख करून देताना पण आधी फॅक्टरी आणि मग नाव. गावाकडे भोरच्या पुढे शेती होती आणि रानडुकरांच्या त्रासामुळे आजोबांच्या काळापासून पीकसंरक्षणाचं लायसन्स आणि एक सिंगल नळीची बारा बोअर बंदूक. कॅम्पातल्या एका रिटायर्ड कर्नलच्या घरून रद्दीत निघालेले आउटडोअर लाइफचे अंक मामानं मागून आणलेले. मामाचं शिक्षण मराठीत, जुन्या मॅट्रिकपर्यंत. तरी डिक्शनरी मांडीवर घेऊन ओळ ओळ वाचायचा आणि समासात पेन्सिलीनं मराठीत लिहायचा. ओ'कॉनर म्हणता यायचं नाही म्हणून कॉनर साहेब. आम्हा भाचरांना लहानपणी वाटायचं हा कुणीतरी फॅक्टरीतलाच मोठा अधिकारी आहे, कारण मामा बोलायचाच तसं, "कॉनर साहेब म्हणतात धक्क्याला भिणाऱ्या माणसानं मोठी बंदूक घेऊ नये." आम्हाला वाटायचं आजच कॅन्टीनमध्ये म्हणाले असतील.

आणि हेच बघा, मला त्या माणसाचं कौतुक आहे ते यासाठी. तो नंतर राहायला गेला ते अमेरिकेतलं आयडाहो कुठं, भोर कुठं. ज्या रायफलीबद्दल तो लिहायचा त्यातली एकही मामानं हातात धरली नव्हती, धरणं शक्यही नव्हतं, आपल्याकडे लायसन्सवर जास्त करून थ्री-फिफ्टीनची रायफल नाहीतर बारा बोअर. पण त्यातलं जे घ्यायचं ते मामानं बरोब्बर घेतलं. बंदूक आपल्या अंगाला बसली पाहिजे, बार काढताना दचकायचं नाही, आणि जागेवर लागणार नसेल तर बार काढायचाच नाही.

बंदुकीच्या जगात त्याचं नाव मुख्यतः एका काडतुसाशी जोडलेलं आहे, टू-सेव्हन्टी विंचेस्टर. हे आलं १९२५ साली, थर्टी-ऑट-सिक्स या जुन्या अमेरिकन काडतुसाच्याच घराण्यातलं पण तोंड बारीक केलेलं, १३० ग्रेनची म्हणजे साधारण साडेआठ ग्रॅमची गोळी आणि वेग सेकंदाला ९५० मीटरच्या आसपास. त्या वेळी पुष्कळ शिकाऱ्यांना ही गोळी म्हणजे पोरखेळ वाटायची, एवढीशी गोळी मोठ्या जनावराला काय करणार म्हणून. ओ'कॉनरनं वर्षानुवर्षं लिहून लिहून लोकांच्या गळी उतरवलं की बाबांनो गोळी किती मोठी यापेक्षा ती कुठं लागली हे बघा, आणि हलक्या धक्क्याची रायफल असली की माणूस जास्त सराव करतो आणि जास्त बरोबर मारतो. आज शंभर वर्षं झाली, ते काडतूस अजून विकलं जातंय. एखादं काडतूस एका लेखकाच्या लेखणीवर एवढं तरल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

झिरो करायची, म्हणजे नेम आणि गोळी जुळवायची, त्याची पद्धत पण मस्त सोपी. टू-सेव्हन्टी शंभर यार्डावर बरोबर मध्यावर लावायची नाही, तीन इंच वर लावायची. गोळी कमान करून जाते, त्यामुळे पावणेतीनशे यार्डाच्या आसपास ती परत नेमाच्या रेषेवर येते आणि तिथपर्यंत मधे कुठंही जनावर असलं तरी सरळ छातीवर नेम धरायचा, वर-खाली हिशोब करत बसायचं नाही. डोंगरात धापा टाकत असताना कोण गणित करणार. मामाच्या बारा बोअरला याचा काडीचा उपयोग नव्हता, तरी त्यानं समासात कमानीची आकृती काढलेली मला आठवतीये.

त्याची बायको एलिनॉर, ती पण पट्टीची शिकारी, आणि तिची लाडकी रायफल सेव्हन बाय फिफ्टी-सेव्हन माउझरची. हे काडतूस वाचून काही आठवलं का? इंग्रज लोक त्यालाच टू-सेव्हन्टी-फाइव्ह रिग्बी म्हणायचे, म्हणजे जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली भेट मिळालेली ती रायफल. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्यानं तर बरेचसे हत्ती याच काडतुसानं पाडले, हत्ती! अर्थात त्याला हत्तीचा मेंदू कवटीत नेमका कुठं असतो ते पाठ होतं, आणि हत्तीवर असला प्रयोग कुणी करावा असं ओ'कॉनरनं पण म्हटलं नसतं. पण मुद्दा तोच. एलिनॉरबद्दल तो लिहितो तेव्हा कुठेही "बायकांसाठी छोटी बंदूक" असा टोन नाही, ती कमी गोळ्यांत काम करते हे तो सरळ सांगून मोकळा होतो. त्या काळाच्या मानानं मला हे भारी वाटलं.

विरोधक होतेच. एल्मर कीथ म्हणून दुसरा लेखक, डोक्यावर ही मोठी हॅट, तोही आयडाहोतच राहणारा, त्याचं म्हणणं उलट की मोठी जड गोळी पाहिजे, फोर्टी-फोर मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस १९५५ मध्ये आलं त्यामागे त्याचाच हट्ट. दोघांचं आयुष्यभर जमलं नाही आणि वाचकांचे पण दोन तट. आपल्याकडे गाडी घेताना मायलेजवाले आणि पॉवरवाले भांडतात ना, तसंच. मी ओ'कॉनरच्या बाजूचा आहे हे एव्हाना कळलंच असेल, पण कीथ जनावर जखमी होऊन निसटू नये म्हणून मोठी गोळी मागत होता हेही खरं, त्यामुळे त्याला अगदीच वेड्यात काढता येत नाही.

बरं आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे मी हे लिहायला बसलो. माझी लेक १४ वर्षांची आहे आणि दहा मीटर एअर रायफल मारते. पुण्यात हे वेड आता किती पसरलंय ते पालकांना विचारा, बालेवाडीच्या रेंजवर स्पर्धा असली की पार्किंग मिळत नाही. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतल्यापासून तर जास्तच, तो ५० मीटरचा, तरी सगळ्या पोरांना तोच व्हायचंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ६० शॉट असतात, प्रत्येकाला जास्तीत जास्त १०.९, आणि टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे साडेचार मिलिमीटरचा पॅलेट (छर्रा) त्या ठिपक्याला अख्खा गिळून टाकतो. लेक तीन-चार महिने ५९८ ते ६०४ मध्ये अडकलेली. रोज चिडचिड, घरी येऊन दप्तर फेकणं वगैरे.

मी गेलो एका दुकानात, नाव घेत नाही. तिथल्या माणसानं लेकीला उभं न करता, रायफल हातात पण न घेता सांगितलं की हे मॉडेल आता जुनं झालं साहेब, नवीन इम्पोर्टेड घ्या, पावणेतीन लाख, वर ॲक्सेसरीज. आणि मी येडा, घरी येऊन खरंच एफडी कधी मॅच्युअर होते ते बघत होतो.

त्याच आठवड्यात हा गठ्ठा आला. रात्री जेवणं झाल्यावर बाल्कनीत बसून (वास!) रायफल बुक चाळत होतो आणि लागला दस्त्यावरचा भाग. दस्ता म्हणजे रायफलीचं लाकूड हो, स्टॉक. या विषयावर हा माणूस किती लिहावं तर लिहितच सुटतो, लांबी किती, गालाखालची उंची किती, मान लांब असलेल्याला वेगळा आणि आखूड मानेच्याला वेगळा, जाड कपडे घातले की तोच दस्ता लांब कसा होतो. स्वतःच्या आवडत्या टू-सेव्हन्टीचा दस्ता त्यानं स्पोकेनच्या अल बीसन नावाच्या कारागिराकडून बनवून घेतला होता, म्हणजे नुसतं लिहून मोकळा झाला नाही. वाचता वाचता मला एकदम मामा आठवला. मामा आम्हाला बंदूक हातात देण्याआधी रिकामी करून, दोनदा तपासून, म्हणायचा, "डोळे मिट. खांद्याला लाव. गाल टेकव. आता उघड." डोळे उघडल्यावर नेम समोर दिसला पाहिजे, मान हलवून शोधायला लागला तर बंदूक तुझी नाही.

लेकीला उठवली. साडेदहा वाजलेले. "बाबा काय लावलंय, उद्या शाळा आहे." तरी उठवली, रायफल रिकामी आहे ते दोघांनी बघितलं, आणि डोळे मिटून उभं केलं. डोळे उघडले तर साइटमध्ये अर्धा चंद्र. दिसतच नव्हतं नीट. गेल्या वर्षभरात पोरगी चार बोटं उंच झाली आणि रायफल तशीच, बटप्लेट (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) तिथंच, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) तिथंच. म्हणजे प्रत्येक शॉटला ती मान वाकडी करून डोळा जागेवर आणत होती, साठ वेळा, सव्वा तास. ६०४ तरी कसे पडत होते याचंच आता आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या दिवशी कोचना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "दोन महिने झाले मी तिला सांगतोय बटप्लेट मागे घ्यायला." लेक म्हणाली की हो सर म्हणाले होते पण मला वाटलं ते असंच म्हणतायत. आता यावर काय बोलणार. घरातलं माणूस आणि कोच सांगतो ते कुणी ऐकत नाही, अमेरिकेतला मेलेला म्हातारा सांगतो ते ऐकायचं.

बटप्लेट दोन सेंटिमीटर मागे, चीकपीस थोडा वर, असं करत करत तीन आठवडे गेले. पहिल्या आठवड्यात स्कोअर खाली आला, ५९१, घरात पुन्हा दप्तर उडालं. मग ६०६, ६०३, परवा ६०९. फार मोठी क्रांती वगैरे नाहीये, ६३० मारणारी पोरं आहेत तिथं. पण ग्रुप दिसायला लागलाय, आधी छर्रे टार्गेटभर कांजिण्यांसारखे असायचे ते आता एका बाजूला गोळा होतात. आणि पावणेतीन लाख बँकेतच आहेत.

दुसरं एक त्याच्याकडून घेतलं ते बार सुटल्यानंतरचं. तो दचकण्याबद्दल लिहितो ते मोठ्या रायफलीच्या धक्क्याचं, एअर रायफलला धक्का जवळजवळ नसतोच, पण पॅलेटचा वेग सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास म्हणजे टू-सेव्हन्टीच्या पाचव्या हिश्शाएवढा, त्यामुळे ट्रिगर दाबल्यावर पॅलेट नळीतून बाहेर पडेपर्यंत जरा जास्त वेळ जातो आणि तेवढ्यात तुम्ही निकाल बघायला मान उचललीत की गेला. लेक प्रत्येक शॉटनंतर मॉनिटरकडे बघायची घाई करायची. मी तिला त्यातला एक लेख वाचून दाखवला, तिला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं तरी मीच वाचला, आणि घरी रिकाम्या रायफलीवर ड्राय, म्हणजे पॅलेट न घालता नुसता नेम-ट्रिगरचा सराव, सुरू केलं, भिंतीवर ठिपका लावून, रोज वीस मिनिटं. हे पण कोच सांगतच होते म्हणा.

आता जे आवडलं नाही ते. एक तर त्यातली शिकारीची वर्णनं. काही भारी आहेत, डोंगर, वारा, तंबूतली कॉफी, तासन्‌तास दुर्बिणीतून कडे न्याहाळणं, या सगळ्यात मास्तरकीचा हात दिसतो, वाक्य साफ आणि मधेच स्वतःचीच टिंगल. पण शिंगं किती इंच आणि रेकॉर्डात कितवी हे आलं की मी पानं उलटतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, आणि योगायोग बघा, त्याच वर्षी त्यानं ते सदर सोडलं. मामानं त्या आधीही डुकराशिवाय कशावर बार काढला नव्हता, एकदा हाक्यात भेकर समोरून गेलं तर त्यानं बंदूक खाली केली, बाकीच्यांनी शिव्या घातल्या. विचारलं तर म्हणाला, "अंतर जास्त होतं." अंतर चाळीस पावलं होतं असं दुसरा मामा सांगतो.

दुसरं, दुर्बिणी आणि स्कोपबद्दलचे सल्ले आता जुने झालेत, ती मॉडेलंच नाहीत. किमती वाचून तर रडू येतं. जाहिराती मात्र बघण्यासारख्या, मी निम्मा वेळ त्यातच घालवला. आणि हो, आपल्या लाडक्या टू-सेव्हन्टीला तो कधी कधी जरा जास्तच डोक्यावर घेतो, दर तिसऱ्या लेखात ती येतेच, घरातल्या हुशार पोराचे मार्क सांगावेत तसं.

इंग्रजी कसं आहे विचाराल तर सोपं. मामा डिक्शनरी घेऊन वाचू शकला म्हणजे बघा. बंदुकीतलं काही कळत नसलं तरी चालतं, कारण तो आधी गोष्ट सांगतो आणि मग त्यातून हळूच तंत्रात शिरतो. नवीन शूटर पोरांच्या पालकांनी तर दस्ता आणि ट्रिगर एवढे दोन भाग वाचावेतच, दुकानात जायच्या आधी. आधी.

पथारीबद्दल: रविवारी आणि बुधवारी बाजार भरतो, दहाच्या आत जा, नंतर ऊन आणि गर्दी. चाचा चौकाकडून आत शिरल्यावर डाव्या हाताला, कुलपांचा ढीग दिसला की तेच. भाव करा पण कसरीवरून करू नका, हरता. गठ्ठा सोडून बघू देत नाहीत, ही तक्रार आहे, मला घरी आल्यावर कळलं की मधले चार अंक मासेमारीचेच आहेत. अर्धा स्टार त्याचा कापला, अर्धा वासाचा. पुस्तकाला पाचपैकी पाच, कव्हर नसलं तरी.

आणि एक काम होतं. १९५८ च्या एका अंकात ओ'कॉनरच्या लेखाचं शेवटचं पान कुणीतरी कात्रीनं व्यवस्थित कापून नेलंय, बहुतेक मागच्या बाजूच्या जाहिरातीच्या कूपनसाठी. लेख ट्रिगरवरच आहे आणि अर्ध्या वाक्यावर तुटतो. मामाचे अंक त्याच्या मागे गावाकडच्या घरात होते ते मामीनं कधीच रद्दीत घातले, मी फोन करून विचारलं तर म्हणाली, "ते होय, त्यात उंदरांनी घर केलं होतं." कुणाकडे ५८ चे अंक असतील तर तेवढ्या पानाचा फोटो काढून द्या, पुढच्या रविवारी चाचांकडे परत जाणारच आहे, पण तिथं मिळेल असं काही वाटत नाही. खलबत्ता पण राहिलाय.